वाळूमाशी चावते आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते : टोस्काना विषाणू आणि त्याचं गणगोत

सूक्ष्मदर्शी

मध्यंतरी इथल्याच एका आरोग्याच्या धाग्यावर "व्हायरल मेनिंजायटिस होता, कुठला व्हायरस ते काही सापडलं नाही, आपोआप बरं वाटलं" असा एक प्रतिसाद वाचला. त्याखाली दोघातिघांनी "अगदी हेच" म्हणून दुजोरा दिला होता. विषाणूनिदानाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे "सापडलं नाही" असं कुणी म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : शोधला होता का?

मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांचा दाह. जिवाणूंमुळे होणारा वेगळा, तो तासांच्या हिशेबात जीव घेऊ शकतो. विषाणूंमुळे होणारा बहुधा सौम्य असतो. विषाणू म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आधी एंटेरोव्हायरस येतात, मग नागीण आणि कांजिण्यांच्या घराण्यातले हर्पिस विषाणू. यात काही गैर नाही, कारण जगभर तेच सर्वाधिक आढळतात. पण भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत उन्हाळ्यात आणखी एक नाव या दोघांच्या पंगतीत येऊन बसतं आणि ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. टोस्काना विषाणू.

१९७१ साली इटलीच्या टस्कनी भागात, माँते अर्जेंतारिओ या समुद्रात घुसलेल्या डोंगराळ भूभागावर पकडलेल्या वाळूमाश्यांमधून हा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला. माशीची जात फ्लेबोटोमस पर्निसिओसस. म्हणजे विषाणू आधी हाती लागला आणि त्याचा रोग मागाहून. माणसाच्या मज्जासंस्थेशी त्याचा संबंध पक्का व्हायला १९८०चं दशक उजाडलं. सुरुवातीच्या गाजलेल्या नोंदींपैकी दोन तर प्रवाशांच्या आहेत : पोर्तुगालहून घरी परतलेला एक स्वीडिश माणूस आणि इटलीहून परतलेला एक अमेरिकन नागरिक. ज्या भागात विषाणू पिढ्यान्पिढ्या नांदत होता तिथे दर उन्हाळ्यात डोकेदुखी आणि तापाचे रुग्ण येत होतेच, पण परदेशी माणूस आजारी पडून आपल्या गावी गेला की तिथले डॉक्टर जरा जास्त खोदतात.

पुढे इटलीत नीट शोध घेतल्यावर दिसलं की मे ते ऑक्टोबर या काळात, आणि विशेषतः ऑगस्टमध्ये, मध्य इटलीतल्या विषाणूजन्य मेनिंजायटिसच्या पहिल्या तीन कारणांत टोस्काना आहे. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, क्रोएशिया, ग्रीस, सायप्रस, तुर्कस्तान, मोरोक्को, ट्युनिशिया, सगळीकडे त्याच्या खुणा मिळाल्या. खुणा म्हणजे कुठे रुग्ण, कुठे माशीत विषाणू, कुठे लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी).

त्याच्या कुळाबद्दल थोडं. हा फ्लेबोव्हायरस गटातला. जनुकीय माल आरएनएचा आणि तोही तीन तुकड्यांत : मोठा, मधला, लहान. याच गटात वाळूमाशीच्या तापाचे सिसिली आणि नेपल्स हे विषाणू येतात. आफ्रिकेतला रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणूही याच गटातला, फक्त त्याची स्वारी मुख्यतः डासांवर असते. सिसिली आणि नेपल्स हे तीन दिवस ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका देऊन सोडतात. टोस्काना मात्र नेपल्सचा इतका जवळचा नातलग असूनही मज्जासंस्थेत शिरतो. का, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही.

प्रश्न, शंका, मतभेद सगळ्यांचं स्वागत. इथे एकदोन डॉक्टर आहेत, त्यांनी रुग्णाच्या बाजूने लिहावं अशी विनंती.

निशिगंधा

वाचतेय. छान धागा. दोन बाळबोध प्रश्न. वाळूमाशी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर वाळूत चावतात ती चिलटं का? आणि ही माशी माणसाला चावल्यावर प्रत्येकालाच मेनिंजायटिस होतो का?

टवाळ

डासाला नवीन नाव दिलं की नवीन धागा निघतो. 😀

सूक्ष्मदर्शी

@टवाळ, तसं असतं तर आमचं काम निम्मं झालं असतं. डास पाण्यात वाढतो, वाळूमाशीचा पाण्याशी संबंध नाही. सगळी मेख तिथेच आहे.

@निशिगंधा, किनाऱ्यावर चावणाऱ्या बारीक चिलटांनाही काही ठिकाणी वाळूमाशी म्हणतात, पण ती वेगळी. ही फ्लेबोटोमस कुळातली. जेमतेम दोनतीन मिलिमीटर लांब, फिकट मातकट रंग, अंगभर केस. बसते तेव्हा पंख मिटत नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. ओळखायची सोपी खूण तीच. उडणं म्हणावं तर तेही धड नाही, उड्या मारत मारत जाते. वारा सुटला की जागची हलत नाही. दिवसा अंधाऱ्या, दमट फटीत बसून राहायचं आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बाहेर पडायचं. आवाज अजिबात नाही. कानाशी गुणगुण ऐकून आपण डासाला हाकलतो तरी, ही येऊन चावून गेलेली कळत नाही.

चावते फक्त मादी, अंडी पिकवायला रक्त लागतं म्हणून. अंडी घालते ती पालापाचोळा, शेण, कुजकं सेंद्रिय द्रव्य असलेल्या ओलसर मातीत, भिंतींच्या भेगांत, उंदीरघुशींच्या बिळांत, दगडी कुंपणांच्या सांदीत. अळ्या तिथेच ते कुजकं खाऊन वाढतात. भूमध्य भागात थंडीचे महिने अळीच्या रूपात जमिनीत झोपून काढतात आणि ऊन तापलं की माश्या बाहेर येतात. आजाराचा हंगाम उन्हाळ्यात का, ते यावरून कळेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, अजिबात नाही. सगळ्याच माश्यांत विषाणू नसतो. लागण झालेल्यांतही बहुतेकांना काही होत नाही किंवा साधा ताप येऊन जातो. मध्य इटलीतल्या ग्रामीण भागात कधी मेनिंजायटिस न झालेल्या कितीतरी लोकांच्या रक्तात टोस्कानाची प्रतिपिंडं मिळतात, जंगलात काम करणाऱ्यांत तर जास्तच. थोड्यांच्याच बाबतीत तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो.

चिकित्सक

सूक्ष्मदर्शींनी हाक मारली म्हणून लिहितो. मी फिजिशियन आहे, या विषाणूचा तज्ज्ञ नाही, पण मेनिंजायटिसचे रुग्ण भरपूर पाहिले आहेत.

चित्र साधारण असं असतं. चावल्यानंतर तीन ते सात दिवसांनी, क्वचित दोन आठवड्यांनी, एकाएकी ताप आणि कपाळ फुटेल अशी डोकेदुखी. मळमळ, उलट्या, उजेड सहन न होणं. मान वाकत नाही. रुग्णाला उताणं झोपवून मांडी पोटाकडे घेऊन गुडघा सरळ करायला गेलं की कळ येते. पाठीतलं पाणी काढलं तर पेशी वाढलेल्या, त्यात बहुतांश लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, साखर नॉर्मल, प्रथिनं नॉर्मल किंवा किंचित वाढलेली. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये साखर घसरते आणि पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, इथे स्वच्छ. आठवडा-दहा दिवसांत रुग्ण उठून बसतो. डोकेदुखी, थकवा मात्र काहींचा बरेच आठवडे रेंगाळतो. मेंदूच्याच दाहापर्यंत म्हणजे एन्सेफलायटिसपर्यंत मामला गेल्याची, बहिरेपण आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, पण ती विरळा. मृत्यू तर अगदीच अपवादाने.

आता ज्यांना उगाच घाबरायची किंवा उगाच निश्चिंत व्हायची सवय आहे त्यांच्यासाठी : ताप, तीव्र डोकेदुखी आणि ताठ मान हे तिन्ही एकत्र असतील तर घरी बसून "व्हायरल असेल" म्हणायचं नाही. थेट इस्पितळ. हा जिवाणूंचा आहे की विषाणूंचा हे पाठीतल्या पाण्याच्या तपासणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही. संशय दाट असेल तर रिपोर्ट यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू करतात आणि ते बरोबरच आहे.

आणि आता माझा मतभेद. टोस्कानावर औषध नाही, लस नाही. विषाणूचं नाव कळलं काय, न कळलं काय, मी करणार तेच : सलाइन, तापाचं-दुखण्याचं औषध, विश्रांती आणि लक्ष. मग रुग्णाला आणखी एका चाचणीचा भुर्दंड कशासाठी? प्रयोगशाळेच्या खुर्चीतून हे वेगळं दिसतं हे मान्य.

रानवाट

+१ डॉक्टर. नाव कळून उपयोग काय हे मलाही कळेना.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, हा वाद मी मुकाट्याने सोडणार नाही. :)

रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याला अँटिबायोटिक सुरू होतं. हर्पिसचा धोका नको म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिरही शिरेतून सुरू होतं. मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागणारं औषध आहे ते. एंटेरोव्हायरस निगेटिव्ह, हर्पिस निगेटिव्ह, जिवाणू वाढत नाहीत. तरी औषधं बंद करायला हात धजत नाही, कारण काय चाललंय ते कुणालाच माहीत नसतं. मग स्कॅन, परत पाठीचं पाणी, क्षयाची शंका, आणखी चार तपासण्या. तिथे टोस्काना पॉझिटिव्ह असा एक कागद आला तर यातलं बरंच थांबतं आणि रुग्ण लवकर घरी जातो. भुर्दंड कुठे वाचतो आणि कुठे पडतो, ते तुम्हीच सांगा.

दुसरं, इस्पितळांत हल्ली मेनिंजायटिससाठी एकाच नमुन्यातून डझनभर जंतू शोधणारी तयार पीसीआर पॅनेलं वापरतात. फार उपयोगी आहेत. पण प्रचलित पॅनेलांत टोस्काना नसतो. तेव्हा "पॅनेल निगेटिव्ह" याचा अर्थ "या यादीतला कुणी नाही" एवढाच. टोस्कानाची चाचणी वेगळी मागावी लागते आणि वेळेत मागावी लागते. पहिल्या काही दिवसांत पाठीच्या पाण्यात विषाणूचा आरएनए पीसीआरने मिळू शकतो, नंतर तो हाती लागत नाही आणि रक्तातल्या आयजीएम (लागणीनंतर आधी दिसणारी) आणि आयजीजी (मागाहून येऊन टिकणारी) प्रतिपिंडांवर विसंबावं लागतं. तिथेही गोची आहे. नेपल्स विषाणूची आणि टोस्कानाची प्रतिपिंडं साध्या चाचणीत एकमेकांच्या जागी दिसतात. नेमका कोण ते ठरवायला विषाणूला निष्प्रभ करण्याची न्यूट्रलायझेशन चाचणी करावी लागते. ती जिवंत विषाणूवर होते, त्यामुळे मोजक्याच प्रयोगशाळा करतात.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोजलं नाही तर तो आहे हेच कुणाला कळत नाही, आणि आहे हे कळलं नाही तर मोजायचं कुणाला सुचत नाही. इटलीने हे चक्र तोडलं. तिथल्या कीटकजन्य विषाणूंच्या राष्ट्रीय अहवालात वेस्ट नाइल, डेंग्यू यांच्याबरोबर टोस्कानाचे रुग्णही मोजले जातात. म्हणून तिथे "फार" रुग्ण दिसतात. समुद्रापलीकडच्या ज्या देशांत माशी तीच, हवामान तेच, तिथे आकडे नगण्य. याचा अर्थ तिथे आजार नाही असा लावणं मला धाडसाचं वाटतं.

चिकित्सक

अ‍ॅसायक्लोव्हिरचा मुद्दा पटला. पॅनेलचाही. ज्या भागात हा विषाणू आहे, किंवा रुग्ण तिथून नुकताच आलाय, तिथे चाचणी मागावी, इथवर मी येतो. सरसकट प्रत्येक मेनिंजायटिसला मागावी हे अजूनही पटत नाही.

सूक्ष्मदर्शी

सरसकट मीही म्हणत नाहीये. हंगाम आणि प्रवास विचारा, एवढंच.

ओवी_परदेशी

मी इटलीत राहते, मध्य भागात. आमच्या ऑफिसातला एक सहकारी ऑगस्टमध्ये असाच आजारी पडला होता. धडधाकट माणूस, घर गावाबाहेर, मागे द्राक्षाचे मळे, रात्री उशिरापर्यंत अंगणात बसायची सवय. आधी सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीचा उजेड सहन होईना आणि उलट्या थांबेनात, तेव्हा बायकोने इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक होता, "राहता कुठे, रात्री बाहेर बसता का?" तिथे त्यांना या आजाराची सवयच आहे. निदान लगेच झालं, आठवड्याभरात तो घरी. मात्र कॉम्प्युटरसमोर पूर्ण दिवस बसायला त्याला बरेच दिवस लागले, डोकं जड व्हायचं म्हणे.

मला नवल याचं वाटलं की बाहेरच्या शहरांतून इथे सुट्टीला येणाऱ्यांना याची गंधवार्ताही नसते.

जुनी_पानं

इतिहासाचा धागा मी पकडतो, कारण या माशीने सैन्यांना फार छळलं आहे.

१८८६ साली अलोइस पिक नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी डॉक्टरने बाल्कनमध्ये तैनात असलेल्या सैनिकांतल्या या तीन दिवसांच्या तापाचं वर्णन केलं. नव्याने आलेली तुकडी उन्हाळ्यात आडवी व्हायची, स्थानिक लोक मात्र हिंडतफिरत असायचे. कारण उघड आहे, त्यांना तो लहानपणीच होऊन गेलेला. मग १९०८-०९च्या सुमारास डोअर, फ्रान्झ आणि टाउसिग या त्रयीने दाखवलं की हा ताप फ्लेबोटोमस पापाटासी या माशीमुळे पसरतो आणि त्याचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतं. विषाणू हा शब्द आजच्या अर्थाने रुळायच्या आधीची गोष्ट आहे ही.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या आणि तोच प्रकार. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले अल्बर्ट सेबिन तेव्हा अमेरिकी सैन्यासाठी याच तापावर काम करत होते. १९४३ला सिसिलीतल्या आणि १९४४ला नेपल्समधल्या आजारी सैनिकांच्या रक्तातून त्यांनी दोन वेगळे विषाणू मिळवले. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे सिसिली ताप येऊन गेलेला सैनिक नेपल्स तापाने पुन्हा आडवा होऊ शकतो.

युद्धानंतर मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारलं गेलं. भिंतीवर बसणारी वाळूमाशी आपोआपच मारली गेली आणि भूमध्य प्रदेशात हा ताप काही काळ दिसेनासाच झाला. फवारणी थांबली, माशी परतली. भारतात काळा आजाराचं (वाळूमाशीमुळेच पसरणारा, लेशमॅनिया या परजीवीचा रोग) अगदी हेच झालं. मलेरिया निर्मूलनाच्या काळात तो जवळजवळ गेला आणि १९७०च्या दशकात बिहारमध्ये पुन्हा उसळला. तिथली माशी फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस, जंतू वेगळा, पण वाहक वाळूमाशीच.

अवांतर : सायप्रसमध्ये १९८०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या स्वीडिश सैनिकांनाही याच तापाने गाठलं होतं. थंड देशाचा शिपाई आणि वाळूमाशी यांचं जुनं वैर दिसतंय.

निशिगंधा

जुनी_पानं, मस्त माहिती. पण मघापासून एक नाव कुणीच कसं घेतलं नाही? चांदीपुरा! तोही वाळूमाशीचाच ना? २०२४ला गुजरातमधल्या बातम्या वाचून झोप उडाली होती. टोस्काना आठवड्यात बरा होतो म्हणता, मग चांदीपुरात लहान मुलं एका दिवसात कशी जातात?

चिकित्सक

निशिगंधाताई, प्रश्न नेमका आहे. उत्तर जरा लांबेल.

माशी एक, पण विषाणू पूर्ण वेगळ्या घराण्यातला. चांदीपुरा रॅब्डो कुळातला, म्हणजे पिसाळण्याच्या रेबीज विषाणूचा दूरचा नातेवाईक. त्याचा सख्खा गट गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसच्या विषाणूचा. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात तापाच्या साथीत दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. आज ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. त्यानंतर कितीतरी वर्षं तो "एक सापडलेला विषाणू" म्हणून नोंदीत पडून होता.

२००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूच्या दाहाची भयानक साथ आली. ३२९ मुलं बाधित, १८३ मृत्यू. निम्म्याहून जास्त. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं दगावली. पुण्याच्या संस्थेने चांदीपुराकडे बोट दाखवलं. काही मेंदूविकारतज्ज्ञांनी तेव्हा हरकत घेतली होती की हा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा झटका असावा. तो वाद बरीच वर्षं चालला. नंतर विदर्भ आणि गुजरातमध्ये त्याचे रुग्ण अधूनमधून मिळत राहिले. २०२४च्या उन्हाळा-पावसाळ्यात, जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत, देशात तीव्र मेंदूज्वराच्या लक्षणांचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला. उरलेल्यांत कारण दुसरं असणार किंवा हाती लागलं नसणार. सूक्ष्मदर्शींचा "शोधला होता का" हा प्रश्न इथेही लागू पडतो.

आता मुख्य फरक. टोस्काना बहुधा आवरणावर थांबतो. माणूस शुद्धीवर असतो, डोकं दुखतंय म्हणून सांगू शकतो. चांदीपुरा थेट मेंदूच्या ऊतीवर जातो. मुलाला ताप येतो, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते आणि कित्येकदा २४ ते ४८ तासांत सगळं संपतं. पाठीच्या पाण्यात पेशी फारशा वाढलेल्याही नसतात. तेव्हा काटेकोर बोलायचं तर चांदीपुराला मेनिंजायटिस म्हणणं बरोबर नाही, तो एन्सेफलायटिस. पंधरा वर्षांखालच्यांनाच तो इतका का झोडपतो याबद्दल अंदाज खूप आहेत, मी त्यात पडत नाही. औषध आणि लस यालाही नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज आवरणं, श्वास चालू ठेवणं, हे जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. तापात झटका आला किंवा मूल गुंगीत जायला लागलं तर "सकाळी बघू" हा पर्याय नाही.

उलटतपासणी

एक शंका. चांदीपुरा वाळूमाशीनेच पसरतो हे सिद्ध झालंय की गृहीत धरलंय? डासांवरही संशय होता असं वाचल्याचं आठवतं. आणि टोस्कानाचं तरी काय? माशी माणसाला चावली, विषाणू माणसात आला. पण माशीत तो कुठून आला?

सूक्ष्मदर्शी

@उलटतपासणी, नाव सार्थ केलंत.

चांदीपुराबाबत : महाराष्ट्रात पकडलेल्या वाळूमाश्यांमधून हा विषाणू मिळालेला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या वाळूमाश्यांतूनही मिळाला, म्हणजे तो फक्त आपल्याकडचा नाही. फ्लेबोटोमस पापाटासी त्याला वाढवते आणि पुढे देते हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण तुम्ही म्हणता तेही खरं, प्रयोगशाळेत एडिस डासही त्याला पसरवू शकतो. फक्त प्रयोगशाळेत जमतं ते गावात घडतंच असं नाही. निसर्गात जिवंत विषाणू वारंवार मिळाला तो वाळूमाशीत, आणि साथीचा हंगाम, मातीच्या भिंतींची घरं, ग्रामीण वस्ती हे सगळं तिच्याकडेच बोट दाखवतं. म्हणून मुख्य वाहक तीच मानतात.

टोस्कानाबाबत तुमचा प्रश्न खरोखर अवघड आहे. बहुतेक कीटकजन्य विषाणूंचा एखादा साठा असतो, पक्षी, डुक्कर, उंदीर असा कुणीतरी. वेस्ट नाइलचा पक्ष्यांत, जपानी मेंदूज्वराचा डुकरांत आणि बगळ्यांत. टोस्कानाचा असा साठा कोण ते आजवर नक्की झालेलं नाही. एका वटवाघळाच्या मेंदूत तो मिळाला होता. कुत्र्यांत प्रतिपिंडं भरपूर मिळतात. पण माशीला पुन्हा लागण व्हावी इतका विषाणू यांच्या रक्तात पुरेसा काळ राहतो, असं पटण्याजोगं कुणी दाखवलेलं नाही. माणूस तर शेवटचं टोकच, माणसाकडून पुढे जात नाही.

मग बहुधा माशी हाच साठा. लागण झालेली मादी अंड्यांतून विषाणू पुढच्या पिढीला देते, आणि नर-मादीच्या मिलनातूनही तो जातो. न चावणाऱ्या नर माश्यांतही तो मिळाला, हा याचा भक्कम पुरावा. चावतच नाही तर रक्तातून येणार कुठून? आईकडूनच. पण प्रयोगशाळेत पिढ्यांमागून पिढ्या पाहिल्या तर लागण झालेल्यांचं प्रमाण उतरत जातं. म्हणजे केवळ वारशावर तो कायमचा टिकू नये. कुठूनतरी भर पडत असणार. ती कुठून, इथे गाडी अडली आहे. अळ्यांच्या मातीतून, की माश्या जो गोड रस चाखतात त्यातून, असे तर्क आणि प्रयोग चालू आहेत. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो, रुग्णांना त्याचं काही सोयरसुतक नसलं तरी.

टवाळ

म्हणजे कुत्र्यापासून होत नाही ना? आमचा बाळ्या रात्री अंगणातच झोपतो.

सूक्ष्मदर्शी

नाही, बाळ्यावर आळ घेऊ नका. उलट जिथे टोस्काना आहे तिथे कुत्र्यांची रक्तं तपासून त्या भागात विषाणू फिरतोय का याचा अंदाज घेतात. भूमध्य भागात त्याच माशीपासून कुत्र्यांना लेशमॅनिया होतो आणि तो त्यांना जीवघेणा ठरतो. म्हणून तिथे कुत्र्यांच्या गळ्यात डेल्टामेथ्रिन लावलेले पट्टे घालतात.

रानवाट

बरं, मुद्द्याचं सांगा. वाचायचं कसं? मच्छरदाणी पुरेल?

चिकित्सक

साधी मच्छरदाणी पुरत नाही. डास अडतो त्या जाळीच्या छिद्रातून ही सहज आत येते. एकतर अगदी बारीक विणीची जाळी हवी, पण त्यात गरम हवेत गुदमरायला होतं आणि लोक ती गुंडाळून ठेवतात. त्यापेक्षा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी बरी. छिद्रातून शिरताना माशी कापडावर टेकते आणि मरते. संध्याकाळनंतर अंगभर कपडे. उघड्या त्वचेला डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं, कीटकांना दूर ठेवणारं मलम. पंखा लावा, हे सगळ्यात स्वस्त आणि लोक सगळ्यात जास्त विसरतात. वाऱ्यात हिला उडता येत नाही. शक्य असेल तिथे वरच्या मजल्यावर झोपावं, कारण ती जमिनीलगतच जास्त असते.

सूक्ष्मदर्शी

यात एक भर. डेंग्यूच्या मोहिमांमुळे आपल्या डोक्यात "साठलेलं पाणी ओता" इतकं पक्कं बसलं आहे की वाळूमाशीच्या बाबतीतही लोक टाक्या आणि कुंड्याच तपासतात. डेंग्यूसाठी ते हवंच, पण इथे त्याने काही होणार नाही. भिंतींच्या भेगा बुजवणं, गोठा आणि कोंबड्यांची जागा झोपायच्या जागेपासून दूर ठेवणं, शेणाचे-पाचोळ्याचे ढीग घराला चिकटून न ठेवणं, भिंतींच्या आतल्या बाजूने कीटकनाशकाची फवारणी, याचा उपयोग होतो. २०२४ला गुजरातमध्ये मातीच्या घरांच्या भेगांत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकली गेली ती याच हिशेबाने. माशी फार लांब उडत नाही, बहुधा काहीशे मीटरच्या आतच असते. म्हणून घराभोवतीची थोडी जागा सांभाळली तरी फरक पडतो. टस्कनीच्या जंगलात मात्र हे लागू नाही, तिथे ती दगडी कुंपणांत आणि बिळांत पसरलेली आहे. फवारणार कुठे कुठे?

उलटतपासणी

हवामानबदलाने माशी उत्तरेकडे सरकतेय म्हणतात. की हेही उगाच?

सूक्ष्मदर्शी

उगाच नाही, पण जपून बोलायला हवं. पूर्वी ज्या भागांत या माश्यांची नोंद नव्हती अशा मध्य युरोपातल्या काही ठिकाणी, जर्मनी-ऑस्ट्रियातसुद्धा, काही जाती मिळाल्या आहेत. हिवाळा सौम्य झाला की त्यांना फावतं हे खरं. पण आधी कुणी सापळे लावून शोधलंच नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि माशी मिळाली म्हणजे विषाणू आलाच असं नाही.

ओवी_परदेशी

माझी आतेबहीण येत्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन आमच्याकडे येणार आहे. हा धागा तिला पाठवला तर ती तिकिटं रद्द करेल. 😅 डॉक्टर, काय सांगू?

चिकित्सक

तिकिटं रद्द करायचं काही कारण नाही. तिथे दर उन्हाळ्यात लाखो लोक येतात-जातात आणि आजारी पडतात ते मूठभर. संध्याकाळी बाहेर बसणार असाल तर मलम लावा, खोलीत पंखा चालू ठेवा. परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत कुणाला ताप आणि जोरदार डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना "कुठे गेलो होतो" हे त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा. "टोस्काना असू शकेल का" असं थेट विचारलंत तरी चालेल. डॉक्टरने भुवया उंचावल्या तर उंचावू द्या.

ओवी_परदेशी

आणि काहीच झालं नाही तरी खात्री म्हणून परतल्यावर रक्ताची अँटीबॉडी टेस्ट करून घ्यावी का? ती नक्की विचारणार.

सूक्ष्मदर्शी

नको. लक्षणं नसताना ती करून काही हाती लागत नाही. आयजीजी आढळली तर कधीतरी लागण होऊन गेली एवढंच कळेल. आयजीएम काही जणांत कित्येक महिने राहते, म्हणजे त्यावरूनही "आत्ताच" असं म्हणता येत नाही. त्यात नेपल्सशी गल्लत होते ती वेगळीच. ताप आला तर चाचणी, नाही तर नाही.

निशिगंधा

वाचनखूण साठवली आहे. जुनी_पानं, काळ्या आजारावर वेगळा धागा काढा ना.

जुनी_पानं

काढतो. थोडा वेळ द्या, तो विषय मोठा आहे.